पिंके, भादवा निघू दे मग राजीनामा दे

प्रिय पिंकीस,

नानांचा आशीर्वाद. युट्यूबवरच्या तुझ्या अहिराणी चॅनलसाठी एप्रिलला नोकरी सोडायचं तू फोनवर एवढं भडाभडा सांगितलं आणि मी नुसतं हो हो करत होतो, तर तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला काही कळलं नाही, चॅनल काय, दर महिन्याला पैसे देणारे मेंबर काय. पण तसं नाही. मला फोनवर सुचत नाही एवढंच, म्हणून टाईप करतोय. लांबेल, कंपनीत वाचू नको, रूमवर जाऊन वाच.

तू म्हणालीस नाना आता जाहिरातीच्या पैशाचा भरवसा नाही, पण लोक मला डायरेक्ट देतात, अहिराणी ऐकायला देतात, मग मी दुसऱ्याची नोकरी कशाला करू. अगं माझा सगळा जन्म या धंद्याच्या शेजारी गेलाय. पारोळा, अमळनेर, एरंडोल, या पट्ट्यात वहीचा, म्हणजे आपल्या रात्रीच्या लोकगाण्यांचा, कार्यक्रम असला की भोंगे आपले, ॲम्प्लिफायर आपला आणि माईकला हात मी लावायचो. चंग वाद्यावर थाप पडली, मागे साथ गाणाऱ्या झीलकऱ्यांनी सूर धरला की अर्ध्या तासात पुढच्या रांगेतून कुणीतरी उठणार, मुख्य गाणाऱ्याच्या, म्होरक्याच्या हातात नोट देणार, आणि गाणं मधेच थांबवून माईकवरून, अमुक भाऊ यांच्याकडून अकरा रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे. नाव पुकारलं की त्याच्या शेजारचा उठणार एकवीस घेऊन. युट्यूबने २०१७ मध्ये ते सुपर चॅट आणलं ना, लाईव्हमध्ये पैसे टाकले की नाव रंगीत होऊन वर येतं, ते तू पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी हसलो होतो, आठवतं का? आमच्याकडे हेच होतं, फक्त माईक माझा असायचा.

तर लोक देतात यात मला नवल नाही. लोक कधी देतात आणि कशासाठी देतात तेवढं बघ.

आधी न देण्याचं सांगतो. कॅसेटचा जमाना गेला, सीडी आली, मालेगावला पोरं स्वतः पिक्चर बनवून सीडी काढायला लागली, अहिराणी गाण्यांच्या सीड्या तर बस स्टँडवर ढिगाने. आणि मग मोबाईल आले. स्टँडसमोरच्या दुकानात वीस-तीस रुपयात मेमरी कार्ड भरून मिळायचं, दोनशे गाणी, त्यात अर्धी आपल्याच खान्देशातल्या पोरांची. गावागावात, हळदीत, ट्रॅक्टरवर तेच गाणं वाजतंय आणि गाणारा मजुरीला जातोय, हे मी डोळ्याने पाहिलंय. त्याला कोणी ओळखत नव्हतं असं नाही, सगळे ओळखत होते. पण ऐकणारा आणि तो, यांच्यात पैसे पोचायला रस्ताच नव्हता. आता रस्ता झालाय, खरं आहे, आणि म्हणून मी तुला नको म्हणत नाहीये.

तू त्या अमेरिकन लेखकाचं, केव्हिन केलीचं सांगत होतीस, २००८ मध्ये त्याने लिहिलं की हजार पक्के चाहते असले आणि एकेकाने वर्षाला शंभर डॉलर दिले की कलाकाराचं भागतं. बरोबर आहे, त्याच्या गावात. शंभर डॉलर म्हणजे आपले आठ हजारांच्या वर गेले, पिंके. आपल्याकडे सख्ख्या भाचीच्या लग्नात एवढा आहेर होत नाही. तुझं मेंबरशिप महिन्याला ५९ रुपयाचं. त्यातले ३० टक्के युट्यूब ठेवतो, म्हणजे तुझ्या हातात फार तर ४१. हजार माणसं आली तरी महिन्याला ४१ हजार, आणि हजार आज नाहीत, तूच म्हणालीस तीनशेच्या आसपास आहेत. जॅक काँटे, तो पेट्रिऑनवाला (चाहते कलाकाराला थेट पैसे देतात ती वेबसाईट), तो स्वतः वाजवणारा माणूस, व्हिडिओवर भरमसाठ खर्च केला आणि जाहिरातीचे चिल्लर आले म्हणून २०१३ मध्ये सॅम यामला घेऊन त्याने ते काढलं, तेही मी बसून वाचलं. त्याचा विचार चांगला आहे. पण डॉलरात देणारी माणसं त्याच्याकडे, आपल्याकडे कापूस विकून देणारी.

इथे मला खरं बोलायचंय.

तुझे देणारे कोण ते मी तुझ्या कमेंटमध्ये बघत बसतो, दुकानात गिऱ्हाईक नसलं की हाच उद्योग. निम्मे आपल्याच तीन जिल्ह्यातले, शेतीवाले. त्यांच्या खिशात पैसा कधी येतो? कापूस दिवाळीच्या आगेमागे निघतो, माघापर्यंत विकला जातो, मग लग्नसराई, आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, तोवर माणूस मोकळ्या हाताचा. मृगाच्या आधीच बियाणं, खत, मजुरी, पोरांच्या फिया, आणि आषाढ ते भादवा घरात रोकड म्हणून नसते. भोंग्याचं भाडंसुद्धा त्या दिवसात लोक म्हणायचे दिवाळीला देतो नाना. गणपतीत कार्यक्रम जोरात आणि वसुली दसऱ्यानंतर, असा आपला धंदा. तू चॅनलचं मेंबरशिप सुरू केलं नोव्हेंबरात. म्हणजे तुला आतापर्यंत फक्त सुगीच दिसलीय.

आणि हे पैसे एकदा चालू केले की आपोआप येतच राहतात असं समजू नको. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दर महिन्याला कापायच्या चोवीस तास आधी माणसाला मेसेज जातो की उद्या एवढे कटणार. १५ हजारांपर्यंत ओटीपी लागत नाही, २०२२ पासून, पण मेसेज जातोच. म्हणजे तो बांधावर बसलेला असताना फोन वाजतो, ५९ रुपये, आणि तो त्या दिवशी पुन्हा ठरवतो की पिंकीला द्यायचे का युरियाच्या गोणीत घालायचे. दर महिन्याला ठरवतो. त्याने बंद केलं तर तो वाईट नाही आणि तुझं गाणं पण वाईट नाही, आषाढ आहे एवढंच.

दुसरे निम्मे सुरतेतले, उधना, लिंबायत तिकडचे, आणि पुण्या-नाशकातले, दोन-चार दुबईचे. त्यांना पगार आहे. सुरतवाला गावाची भाषा ऐकायला पैसे देतो कारण त्याच्या पोरांना ती येत नाही, घरात गुजराती-हिंदी झालीय. हा माणूस श्रावणात सोडणार नाही, उलट कानबाईच्या सणाला गावी येता आलं नाही तर जास्त देईल. तू त्याच्यासाठी काय करतेस? मला तर दिसलं नाही. कानबाईचे रोट कसे करतात याचा एक व्हिडिओ आणि बाकी सगळं शेतीवाल्यांच्या विनोदाचं. विनोद फुकट ऐकायला लाख माणूस येईल, पण सुरतेचा बाप पोराला चार ओळी अहिराणी शिकवायचं काही असेल तर त्याचे वेगळे पैसे देईल असं मला वाटतं, विचार करून बघ.

म्हणून म्हणतो एप्रिलला राजीनामा नको. आषाढ, श्रावण, भादवा असा एक पावसाळा नोकरीत राहून काढ. तीनशेतले किती टिकले बघ. दोनशे टिकले तर मी स्वतः तुझं सामान टेम्पोत भरून आणतो. मिळतं ते सगळं बाजूला टाक, पगारावर जग, आणि हिशोब वहीत लिही, मोबाईलमध्ये नको. रिटर्नचं जळगावच्या आपल्या सीएला विचार, जीएसटीचं २० लाखांच्या आत टेन्शन नाही पण इन्कम टॅक्सला हे उत्पन्न दाखवावंच लागतं.

आता देणाऱ्यांचं आणखी एक. वहीत एखादा एकशे एक द्यायचा ना, तो मग सोडायचा नाही. मनं नाव घे ना भो, परत घे, हेच म्हण, तेच म्हण. एक म्होरक्या होता, नाव नको, तो बक्षीस घ्यायचा, नाव एकदाच पुकारायचा, आणि फर्माईश आली की सांगायचा, भाऊ पैसे तुमचे, रात मंडळाची. आणि कार्यक्रम संपल्यावर कोणाच्या घरी चहाला जायचा नाही. तुझ्या लाईव्हमध्ये तो एक जण आहे, दर वेळेला पाचशे टाकतो आणि नंबर दे ताई म्हणतो. ताई म्हणतो तरी नको. आभार मानायचे ते सगळ्यांसमोर, वेगळा मेसेज नाही, वेगळा कॉल नाही. त्याचे पाचशे गेले तर जाऊ दे. बाप म्हणून घाबरून सांगत नाहीये, (घाबरतो पण), धंद्याचंच सांगतोय, एकाच माणसाच्या पाचशेवर उभी राहशील तर तो म्हणेल ते गाशील.

आणि सगळं एका दारातून येऊ देऊ नको. २९ जून २०२० आठवते ना, टिकटॉक बंद झालं रातोरात. आपल्या शेजारच्या गावातला तो पोरगा, लाखावर फॉलोअर, दुसऱ्या दिवशी एकाही माणसाचा पत्ता त्याच्याकडे नव्हता. लोक होते, त्याला शोधत पण असतील, पण कुठे सांगायचं की मी इकडे आहे? म्हणून मेंबरांची स्वतःची यादी कर, विचारून, ज्याची मर्जी त्याचा व्हॉट्सॲप नंबर, पण त्यासाठी वेगळं सिम घे, तुझं घरचं नको. यूपीआयने थेट देणाऱ्याचे पूर्ण पैसे तुला मिळतात, मधे कोणी कापत नाही, तेही ठेव. पण फुकट मागितल्यासारखा क्यूआर कोड नुसता टाकू नको, त्याबदल्यात काय ते सांग. गाणं लिहून पाहिजे, ओव्यांचं पीडीएफ पाहिजे, जे असेल ते.

एक गोष्ट मला खटकतेय ती बोलतोच. आखाजीची गाणी तुझ्या चॅनलवर सगळ्यात चालतात आणि ती गाते मोठी मावशी. तिला तू साडी घेतलीस, चांगलं केलंस. पण साडी म्हणजे वाटा नव्हे. वहीत चंगवाल्याचा, झीलकऱ्याचा वाटा त्याच रात्री, तिथेच सतरंजीवर, दिव्याखाली सगळ्यांसमोर मोजून व्हायचा, म्होरक्याचा थोडा जास्त पण सगळ्यांना दिसेल असा. तिच्या व्हिडिओवर आलेल्या पैशातला हिस्सा तिच्या खात्यात टाक, तिचं पोस्टात खातं आहे, आणि व्हिडिओखाली तिचं पूर्ण नाव आणि गाव लिही, नुसतं आजी आजी नको. हे तू नोकरी सोडो का न सोडो, या महिन्यापासून कर. ती मागणार नाही, म्हणून तर आधी द्यायचं.

बाकी मी काही अडवत नाही. मी स्वतः कोणाची नोकरी केली नाही, तुला कुठल्या तोंडाने सांगू. दुकानात जुना वजनदार स्टँड आहे तो घेऊन जा, तुझा तो प्लास्टिकचा हलतो, आवाजात खट् खट् येतं, मला ऐकू येतं. महागाचा माईक लगेच घेऊ नको. आहे त्यालाच फोमची टोपी लाव, चैत्र-वैशाखात वारा फार असतो, झोक्याजवळ रेकॉर्ड करायचं तर लागणारच. मावशीला सकाळीच गायला बसव, दुपारनंतर तिला दम लागतो.

आखाजीला दोन दिवस जास्त काढून ये. राजीनाम्याचं तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही, ते तुझं तू सांग, आणि नाना हो म्हणाले असं तर अजिबात सांगू नको.

तुझे नाना