अण्णा, तुमच्यामुळे बोट पुन्हा पाण्यात उतरली

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

उजनीच्या बॅकवॉटरला फिरायला आम्हा मित्रांची छोटी फायबरची बोट आहे. तिचं इंजिन कोकणातून जुनं घेतलेलं. ते तापायला लागलं, थंड करणाऱ्या पाण्याची धारही बारीक झाली. पाणी ओढणारं आतलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, बदलायचं तर खालचा गिअरकेस, म्हणजे गिअरचं कवच, उतरवावा लागतो, आणि त्याचे बोल्ट जाम! कवच ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या पाण्यात अशी जोडी असली की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. सोलापुरात ज्याला दाखवावं तो म्हणे, पान्याला पाईप लावा आणि जोर मारा. त्यात बोल्टचं डोकं तुटलं असतं, नाहीतर आटे तरी गेले असते.

तुमचा जन्म पॉवरलूमच्या दुरुस्तीत गेला. तरी इंजिन बघताच तुम्ही आधी पेट्रोलची टाकी लांब ठेवायला लावलीत. तारेच्या ब्रशनं बोल्ट साफ केलेत, गंज सोडवणारं तेल मारलंत आणि म्हणालात, "आज हात लावायचा नाही. रात्रभर मुरू दे."

सकाळी प्रत्येक डोक्यावर हातोडीचे हलके ठोके. मग सहा कोनांचं सॉकेट बसवून बोल्ट सोडवायच्या आधी किंचित आवळलात. 'कट्' असा आवाज आला तेव्हा माझा जीव वर गेला होता, तुम्ही मात्र हसलात. पाव फेरा मागे, थोडं पुढे, पुन्हा तेल. काळ्या तेलातून पांढरी भुकटी बाहेर येताना दिसत होती.

शेवटचा बोल्ट हटेना. तुम्ही आच देणारा टॉर्च घेतलात, पण आच बोल्टला न देता भोवतालच्या कवचाला दिलीत, तीही एका जागी न थांबवता. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम स्टेनलेसच्या जवळजवळ दीडपट फुगतं, म्हणून भोक सैल होतं. ही युक्ती तुम्ही कामावरच्या पोरालाही शेजारी बसवून दाखवलीत, ते मला फार आवडलं. एकही बोल्ट तुटला नाही.

जोडताना तुम्ही सांगितलंत तशी आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारी, पेस्ट लावली आहे. इंजिन आता तापत नाही, पाण्याची धार जोरात पडते. हिवाळ्यात उजनीला रोहित पक्षी आले की तुम्ही घरच्या सगळ्यांना घेऊन यायचंच. त्या पोरालाही आणा. तारीख तुम्ही कळवा, बोट तयार ठेवतो.

तुमचा ऋणी,
उजनीचा बोटवाला