‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘परवा’: तुमच्या शब्दांमुळे नाकारलेल्या दाव्याबाबत तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५
सातारा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : पतींच्या हॉस्पिटलच्या बिलातून खोलीच्या वर्गावरून कापलेले २८,०६७ रुपये आणि डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या दाव्यात मुदतीच्या कारणाने नाकारलेले ९,३४० रुपये, एकूण ३७,४०७ रुपये मिळण्याबाबत.

पॉलिसी क्रमांक आणि दोन्ही दाव्यांचे क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत. पॉलिसी तुमची आहे, त्यातली कलमं तुम्हीच लिहिली आहेत, त्यामुळे ती समजावून सांगत बसत नाही. तुम्ही ती कशी वाचलीत, एवढंच सांगते.

शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला, तुमच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या मुलाने मला विचारलं, “मॅडम, तुम्हाला मराठी कळत नाही का?” तो फोन मी ठेवला आणि त्यानंतर पुन्हा फोन करायचा नाही असं ठरवलं. म्हणून हे पत्र.

तो संवाद पूर्ण लिहिते, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे आणि ते तुम्ही ऐकावं अशी माझी मागणी आहे.

नाकारलेल्या दाव्यावर पुनर्विचाराचा अर्ज मी ३ नोव्हेंबरला दिला होता. बुधवारी, १२ तारखेला, मी फोन केला. मराठीसाठी ३ दाबा म्हणतात, ते दाबलं. पंचवीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एका मुलीने फोन घेतला. मी विचारलं, “माझ्या अर्जाचा निर्णय कधी?” ती म्हणाली, “परवा, मॅडम.” एवढंच. मी ‘बरं’ म्हटलं, आभार मानले आणि फोन ठेवला. बुधवारी कुणी ‘परवा’ म्हटलं तर मी शुक्रवार धरणार. गुरुवार थांबले. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली आणि मग फोन लावला. या वेळी एक मुलगा होता. तो म्हणाला, “मॅडम, तुमचा अर्ज फेटाळला गेलाय. १० तारखेलाच.” मी म्हटलं, “बुधवारी तर मला परवा निर्णय होईल म्हणून सांगितलं.” तो म्हणाला, “होईल असं कुणी सांगितलं? परवा झाला असं सांगितलं असणार. बुधवारचा परवा म्हणजे सोमवार, म्हणजे १० तारीख. बरोबर आहे ना?” मी म्हटलं, “ती ‘झाला’ म्हणाली नाही, ‘होईल’ही म्हणाली नाही. नुसतं ‘परवा’ म्हणाली.” त्यावर तो म्हणाला, “मग तुम्ही विचारायचं होतं ना. मॅडम, तुम्हाला मराठी कळत नाही का?”

मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात ३२ वर्षं काम केलं आहे. अपिलं मुदतीत आली की नाही हे तपासणं, दिवस मोजणं, तारखा लावणं हेच माझं काम होतं. माझ्या हातून गेलेल्या एका तारखेवर एखाद्या शेतकऱ्याची जमीन अवलंबून असायची. मला मराठी कळते. ‘परवा’ हा शब्द आपल्या भाषेत मागेही जातो आणि पुढेही जातो, हे मराठी घरातल्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. म्हणून आपण त्याच्यापुढे ‘झालं’ किंवा ‘होईल’ लावतो. क्रियापद गाळलं तुमच्या माणसाने आणि अज्ञानी ठरले मी. घरात नवरा आजारातून उठलेला, आणि मी फोनवर एका मुलाकडून माझ्याच भाषेचा अपमान ऐकून घेत होते. याची लेखी माफी मला हवी आहे. पैसे वेगळे, ही वेगळी.

आता पैशांचं.

माझे पती ९ ऑगस्टला न्यूमोनियाने ॲडमिट झाले, १४ ऑगस्टला डिस्चार्ज मिळाला. वय ६६. पाच दिवस. बिल ८४,२०० रुपये : खोली २२,५००, डॉक्टरांची फी आणि नर्सिंग १८,०००, औषधं २७,४००, तपासण्या १६,३००. तुमच्या मराठी माहितीपत्रकात लिहिलं आहे, ‘सिंगल ए.सी. खोलीपर्यंत’. आम्ही एक खाट असलेली ए.सी. खोली घेतली. त्या हॉस्पिटलमध्ये तिचं नाव ‘डीलक्स’ आहे. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळलं की ‘डीलक्स’ ही ‘सिंगल’च्या वरची खोली, म्हणून तुम्ही आम्हाला दोन खाटांच्या खोलीचा ३,००० रुपयांचा दर लावला. प्रत्यक्ष दर ४,५०० होता. मग त्याच प्रमाणात अख्ख्या बिलाचा तिसरा हिस्सा कापला. पुण्याहून मुलाने पैसे पाठवले तेव्हा संध्याकाळी पती घरी आले. दुसऱ्या दिवशी सुटी होती. पैसे आले नसते तर आणखी एका दिवसाचं खोलीभाडं चढलं असतं.

त्या हॉस्पिटलात खोल्यांचे चारच प्रकार आहेत : जनरल, सेमी-प्रायव्हेट, डीलक्स आणि सूट. सेमी-प्रायव्हेटमध्ये दोन खाटा, डीलक्समध्ये एक. ‘सिंगल ए.सी.’ अशी पाटी कुठल्याच दारावर नाही. एक खाट आणि ए.सी. असलेली सर्वांत स्वस्त खोली हीच, असं हॉस्पिटलने लेखी दिलं आहे. प्रत जोडली आहे. आणखी एक प्रत दर-फलकाच्या फोटोची आहे. तुम्ही खाटा मोजायला हव्या होत्या, तुम्ही दारावरची पाटी वाचलीत. हॉस्पिटलने उद्या त्याच खोलीला ‘साधी’ म्हटलं तर तुम्ही पूर्ण पैसे देणार आहात का?

बरं, खोलीचा वाद तुमच्या बाजूने धरला तरी औषधं आणि तपासण्यांमधून कपात कशी केली? खोलीच्या वर्गावरून प्रमाणशीर कपात करताना औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना हात लावायचा नाही, असं विमा नियामकाने २०२० सालीच सांगितलं आहे. औषधं आणि तपासण्या मिळून ४३,७०० रुपये. त्यातून तुम्ही १४,५६७ रुपये कापलेत. ‘सिंगल’चा अर्थ काहीही लावा, ही रक्कम तुमच्याकडे राहूच शकत नाही. याबद्दल मी तीनदा विचारलं. तीनही वेळा उत्तर आलं, “सिस्टिमने कॅल्क्युलेट केलंय, मॅडम.”

आता दुसरा दावा, डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा. कलम असं आहे : ‘उपचार पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत कागदपत्रे सादर करावीत.’ तुम्ही नाकारलं कारण मी कागदपत्रं तीन दिवस उशिरा दिली. मी ती सोमवारी, १३ ऑक्टोबरला दिली. शाखेचा शिक्का आहे.

उपचार पूर्ण झाले कधी? डॉक्टरांनी शेवटचं तपासलं २६ सप्टेंबरला, शुक्रवारी. त्या दिवशी त्यांनी लिहून दिलं, ‘गोळ्या आणखी पाच दिवस, मग बंद.’ शेवटची गोळी ३० सप्टेंबरच्या रात्री घेतली. गोळ्या चालू असताना उपचार पूर्ण झाले असं कुठला डॉक्टर म्हणेल? ३० पासून मोजा, मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत जाते. मी दोन दिवस आधी आले आहे.

तुम्ही शेवटची तपासणी धरली. ठीक. मग २६ तारखेपासून मोजा. न्यायालयात पहिला दिवस सोडतात. मुदतीच्या कायद्याचं, १९६३ च्या, कलम १२ तेच सांगतं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ९ सांगतं की ‘पासून’ म्हटलं की तो पहिला दिवस वगळायचा. त्यापुढचं कलम १० सांगतं की शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम मुदतीतलंच. पहिला दिवस सोडला की पंधरावा दिवस ११ ऑक्टोबर. तो दुसरा शनिवार. तुमच्या सातारा शाखेच्या दारावर दुसरा आणि चौथा शनिवार बंद असं लिहिलं आहे. १२ ला रविवार. १३ ला सोमवारी सकाळी साडेदहाला मी दारात होते.

तुमचा विधी विभाग म्हणेल, हे कायदे पॉलिसीच्या करारावर थेट चालत नाहीत. मान्य. पण मग तुम्ही तरी कुठला नियम लावलात? तुम्ही २६ तारीख हाच पहिला दिवस धरला, त्यामुळे मुदत १० ऑक्टोबरला, शुक्रवारी संपली. असं मोजण्याची रीत मराठीत नाही असं मी म्हणत नाही. आहे. शनिवारी कुणी म्हटलं ‘आठ दिवसांनी ये’ तर आपण पुढच्या शनिवारी जातो, म्हणजे आजचा दिवस धरून आठ. सात दिवसांना आपण आठवडा म्हणतोच. बोलताना आपण तो दिवस धरून मोजतो आणि कचेरीत तो सोडून मोजतो. दोन्ही रीती पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. म्हणूनच, ज्याने कलम लिहिलं त्याने कुठली रीत हे लिहायला हवं होतं. ‘उपचार पूर्ण झाल्याचा दिवस वगळून’ एवढे पाच शब्द. मी ३२ वर्षं तसे शब्द लिहिलेले पाहिले आहेत. त्याला जास्तीचा कागद लागत नाही.

एकूण तीन तऱ्हांनी ते कलम वाचता येतं. त्यातल्या दोन तऱ्हांनी मी मुदतीत आहे. तुम्ही तिसरी निवडली.

मला सर्वांत जास्त राग याचा आहे. ‘पर्यंत’ हा शब्द खोलीच्या बाबतीत तुम्ही आवळून वाचलात, एक पायरी खाली ढकललात. ‘पासून’ हा शब्द दिवसांच्या बाबतीत पहिला दिवस आत ओढून वाचलात. दोन्ही वेळा पैसे तुमच्याकडे राहिले. एकदा चूक होते. प्रत्येक वेळी एकाच बाजूला होणारी चूक मी चूक मानत नाही. आपल्याकडे ‘ध चा मा’ म्हणतात, पण ‘ध चा मा’ करायला निदान अक्षर खोडावं लागतं. तुम्ही अक्षर तसंच ठेवलंत आणि अर्थ बदललात.

माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात आहे की मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर इंग्रजी ग्राह्य. मी इंग्रजी पॉलिसीही वाचली. तिथेही ‘सिंगल प्रायव्हेट ए.सी. रूम’ची व्याख्या नाही. तिथेही उपचार ‘पूर्ण’ कधी होतात ते लिहिलेलं नाही. म्हणजे हा घोटाळा भाषांतराचा नाही, मुळातलाच आहे.

विम्याच्या कलमात संदिग्धता असेल तर तिचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावायचा, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदमल जैन या निकालात सांगितली आहे. त्याचं कारण साधं आहे. शब्द निवडले तुम्ही. मी फक्त सही केली आणि हप्ते भरले. ११ वर्षं भरले, एकही वर्ष चुकवलं नाही. या ११ वर्षांत आम्ही एकदाही दावा केला नव्हता. पतींच्या ऑफिसमधल्या तिघांना ही पॉलिसी मी स्वतः घ्यायला लावली. त्यातल्या एकाच्या बायकोने मागच्या आठवड्यात मला विचारलं, “तुमचा क्लेम झाला का हो?” मला उत्तर देताना तोंड वर करवेना. तुमच्यावर मी विश्वास ठेवला होता आणि दुसऱ्यांनाही ठेवायला लावला होता. पैशांपेक्षा हे जास्त लागतं.

पुन्हा लिहिते, ११ ऑक्टोबरला तुमची शाखा बंद होती. बंद दारात मी कागदपत्रं कुणाच्या हातात द्यायची होती?

माझ्या मागण्या. कापलेले २८,०६७ आणि नाकारलेले ९,३४० रुपये व्याजासह द्यावेत. १२ आणि १४ नोव्हेंबरच्या दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं, ते पुढे लागेल. त्या मुलाच्या वाक्याबद्दल लेखी माफी द्यावी. त्या मुलाची नोकरी जावी असं मला मुळीच वाटत नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला. माफी कंपनीने मागावी. आणि इथून पुढे प्रत्येक विमेदाराला डिस्चार्जच्या वेळी कागदपत्रांची शेवटची तारीख अंकात लिहून द्या. ‘पंधरा दिवसांत’ असं नको. तारीख, महिना, वर्ष. माझ्यासारखी न्यायालयात काम केलेली बाई यात अडकली, तर कोरेगावच्या किंवा पाटणच्या ज्या माणसाला कलम १२ माहीत नाही त्याचं काय होत असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

उत्तर आलं नाही किंवा पुन्हा तेच उत्तर आलं, तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही मला माहीत आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो, त्यामुळे मला तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यायची गरज नाही. तुम्हाला साताऱ्याला यावं लागेल. फाइल तयार आहे, पानांना क्रमांक घातलेले आहेत.

हे पत्र आज, मंगळवार १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, तुमच्या सातारा शाखेत हातपोच देत आहे. पोच घेईन. मी उत्तरासाठी ३० दिवस देते. आजचा दिवस वगळून मोजले आहेत. शेवटचा दिवस गुरुवार, १८ डिसेंबर २०२५, शाखा बंद होईपर्यंत.

पॉलिसीधारक,
सातारा

सोबत : हॉस्पिटलचं बिल, खोलीबाबत हॉस्पिटलचं पत्र, दर-फलकाचा फोटो, २६ सप्टेंबरची डॉक्टरांची चिठ्ठी, १३ ऑक्टोबरच्या शिक्क्याची पोच, शाखेच्या दारावरच्या पाटीचा फोटो.