मिस्त्रीकाका, तुम्ही ग्राइंडरचा प्लग काढलात म्हणून

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहोत. आमच्या गॅरेजमधल्या जुन्या रेसिंग गो-कार्टची (शर्यतीच्या बुटक्या, उघड्या गाडीची) ती फ्रेम, म्हणजे नळ्यांचा सांगाडा, कोणी बनवली हे आज आम्हाला माहीत आहे, आणि ते फक्त तुमच्यामुळे.

तुम्ही आलात तेव्हा फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावलेला ग्राइंडर फ्रेमपासून हातभर अंतरावर होता. गंज काढायचा, रेड ऑक्साइड मारायचा आणि वर लाल रंग, असं ठरलेलं होतं. तुम्ही फ्रेमकडे एकदा पाहिलंत आणि काही न बोलता बोर्डावरचा प्लग काढलात. वायर गुंडाळलीत, ग्राइंडर फळीवर ठेवलात आणि मग म्हणालात, "आधी पाहून तं घ्या बाप्पा. नंबर एकदा गेला का वापस येत नाई."

एवढंच केलंत. पण पुढचं सगळं त्या प्लगमुळे घडलं. हातपंचाने, म्हणजे टोकाला अक्षर असलेल्या पोलादी ठशावर हातोडा हाणून, मारलेलं अक्षर जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर खोल असतं. वर रंगाचे तीन-चार थर आणि गंज, त्यामुळे ते दिसत नाही, पण असतं. फ्लॅप डिस्क रंग काढते तसा अक्षराभोवतीचा धातूही खाते, आणि दोन फेऱ्यांत पृष्ठभाग सपाट होतो. पंचाच्या घावाखालचं लोखंड दबलेलं असतं, म्हणून पुसलेला आकडा अॅसिड लावून कधी कधी पुन्हा उमटतो खरा, पण ते फॉरेन्सिक प्रयोगशाळेचं काम. गॅरेजमध्ये गेलेला आकडा गेलाच.

तुमची पद्धत इथे लिहून ठेवतो, म्हणजे अशीच एखादी फ्रेम कोणाच्या गोठ्यात किंवा गोडाऊनमध्ये पडली असेल तर त्यालाही उपयोग होईल. मागच्या आडव्या नळीवर, सीटच्या पत्र्याखाली, रॉकेलचा बोळा रात्रभर बांधून ठेवला. सकाळी पितळी ब्रशने एकाच दिशेने घासलं. लोखंडी ब्रश नाही, कारण त्याच्या तारा अक्षराच्या कडा बोथट करतात. कोरड्या फडक्याने पुसून खडूची पूड चोळली आणि वरची बोटाने झटकली, खाचेतली राहू दिली. मग दार लावून घेतलं आणि टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरला. समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नाही, तिरपा टाकला की खाचेच्या एका काठाला सावली पडते. दोन अक्षरं आणि तीन आकडे दिसले. बटर पेपर ठेवून सुताराची पेन्सिल आडवी फिरवलीत तेव्हा ते कागदावर आले. शेवटचा ७ खालून तुटका होता, पायाचा तुकडाच नाही.

हे तुमच्याआधी कोणालाही करता आलं असतं. पण एका मोठ्या शहरातल्या जाणकारांनी फोटोवरून "इटालियन आहे, २८ मिलिमीटर नळी, १७ मिलिमीटर स्पिंडल" (स्पिंडल म्हणजे चाक बसतं तो दांडा) असं छातीठोक सांगितलं आणि त्या मताचे पैसेही घेतले. दुसऱ्यांनी इंजिन नाही म्हटल्यावर भंगाराचा भाव लावला. तिसऱ्यांनी तर रंग मारून टाका, ओळख कशाला हवी, असा सल्ला दिला. यातल्या एकाच्याही हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, नव्हतं. राग त्यांच्या चुकीचा नाही, चूक कोणाचीही होते. न मोजता सांगितलं, याचा राग आहे.

तुम्ही आल्या आल्या म्हणालात, "हे गाडी मले नाई माहीत. लोखंड माहीत हाय." आणि मोजायला बसलात.

नळीचं माप घेण्याआधी खालच्या बाजूचा नाण्याएवढा रंग तुम्ही ब्लेडने खरवडलात. रंगासकट नळी साडेसत्तावीस भरत होती, आणि तीच कोणीतरी २८ धरली होती. उघड्या लोखंडावर माप आलं २६.९. युरोपातल्या जुन्या कार्टची २८ नाही, अमेरिकेतली १⅛ इंची, म्हणजे २८.६ ही नाही. २६.९ म्हणजे पाऊण इंची पाण्याचा पाइप. त्याला पाऊण इंची म्हणतात ते आतल्या मापावरून, बाहेरून तो २६.९ भरतो. नळीच्या उघड्या तोंडात बोट घातलंत तर आत लांबलचक शिवण लागली. जाडी अडीच मिलिमीटरच्या थोडी वर, म्हणजे मीडियम क्लासचा पाइप. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नळी किंचित चपटी आणि पातळ होती. कोरडी वाळू ठासून, तापवून हाताने वाकवलेला पाइप असाच दिसतो.

१७ मिलिमीटरच्या स्पिंडलवर सगळे अडकले होते, कारण युरोपातल्या जुन्या कार्टचं पुढचं स्पिंडल खरोखरच १७ चं असतं. तुम्ही आतलं माप सोडून बाहेरचं घेतलंत. एकच हब (चाकाचा मधला भाग) शिल्लक होता, त्यातलं बेअरिंग बाहेरून ४० आणि रुंदीला १२ भरलं. कार्टच्या चाकात बसतं ते ६००३, बाहेरून ३५ आणि रुंदीला १०. आपल्याकडे निघालं ते ६२०३, जे कुठल्याही मोटारच्या दुकानात मिळतं. दोघांचं भोक १७ चंच. भोक पाहून देश सांगणारे तिथेच फसले.

मग आटे. हा भाग लिहिताना आम्हाला सगळ्यात जास्त आनंद होतोय. ⅜ इंची बोल्टवर तुम्ही पिच गेजचं, म्हणजे आटे मोजायच्या साधनाचं, पान लावलंत, इंचाला १६ आटे. "ह्याच्यावरून काईच सांगता येत नाई," म्हणालात, कारण ⅜ ला अमेरिकी जाडे आटेही १६ आणि इंग्रजी व्हिटवर्थही १६. किंगपिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा) अर्ध्या इंची बोल्ट काढलात. तिथे १२ निघाले. अर्ध्या इंचाला अमेरिकी जाडे आटे १३ आणि बारीक २०, १२ फक्त व्हिटवर्थचे. तरी तुमचं समाधान झालं नाही. पान आट्यात बसवून बोल्ट आभाळाकडे धरलात आणि फटीतून उजेड येतो का ते पाहिलंत. व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा आणि माथा गोल, मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. ६० चं पान लावलं की बाजूने उजेडाची रेघ दिसते. ५५ चं लावलंत, उजेड बंद झाला.

व्हिटवर्थ आटे पाहिले की बाहेरचा माणूस इंग्लंड म्हणेल. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी हे माप १८४१ मध्ये मांडलं, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगमध्ये ज्यांची हयात गेली त्यांना दुसरं काही सुचेल. रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं, विलायती, त्यांचे नटबोल्ट व्हिटवर्थ, म्हणून दुरुस्तीचे टॅप-डायही (आटे पाडायची हत्यारं) व्हिटवर्थ. देशात मेट्रिकचा कायदा १९५६ मध्ये आला, पण कारखान्यातल्या टॅप-डायच्या पेट्या कायद्याने बदलत नाहीत. इंची आटे, मेट्रिक बेअरिंग आणि पाण्याचा पाइप, अशी मोट विकायला गाड्या काढणारा कारखाना बांधणार नाही. ज्याच्या हाताशी जे होतं त्याने ते वापरलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १०१६ मिलिमीटर होतं, आणि कार्टिंगचं आंतरराष्ट्रीय मंडळ १०१० ते १०७० मागतं म्हणून आधीचे जाणकार खूश झाले होते. तुम्ही म्हणालात, "चाळीस इंच हाय ना ते, सरळ." अमेरिकेतल्या मासिकांत १९५० च्या दशकाच्या शेवटी कार्टचे आराखडे छापून येत, इंचातच. तसा एखादा कागद इथवर पोचला असावा, असा आमचा अंदाज आहे.

मागच्या स्प्रॉकेटला गंजून चिकटलेला चेनचा तुकडा आम्ही टाकणार होतो. जुनी चेन ताणलेली असते, एक दुवा मोजला की माप फसतं, म्हणून तुम्ही दहा दुवे मोजलेत. १२८ मिलिमीटर. नव्या अर्ध्या इंची चेनचे दहा दुवे १२७ होतात, कार्टच्या चेनचे ९५ किंवा ७८ च्या आसपास. म्हणजे मोटारसायकलची चेन, आणि मग डाव्या नळीवरचा तो बिनकामाचा वाटणारा कान कशाचा तेही उलगडलं. तो क्लच लिव्हरचा होता. गिअरवालं इंजिन बसवलेलं होतं.

पण यातून फक्त "इथलीच" एवढं कळत होतं, "कोणाची" ते नाही.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला फडक्यात बांधून तुम्ही रेच्याच्या सुरीची जुनी पट्टी आणलीत. तुमच्या घरी ती दाराला टेकण म्हणून वापरात होती. रूळ आणि सुऱ्या धारेला काढल्या की त्याच रेच्यावर परत बसाव्यात म्हणून त्यांवर नंबर मारायचे, तो नंबर पट्टीवर होता. तुम्ही त्याच बटर पेपरवर शेजारी त्याचाही ठसा घेतलात. ७ खालून तुटका, पायाचा तोच तुकडा गायब, आणि डावीकडे तसाच किंचित कललेला. कलणं हाताचं असतं, तुटणं पंचाचं, आणि दोन्ही जुळली. पट्टी ज्या जिनिंग फॅक्टरीतली होती तिथे ती पंचाची पेटी एकाच टर्नरकडे (लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे) असायची हे तुम्हाला माहीत होतं, आणि दोन अक्षरं त्यांच्याच नावाची.

ते आता हयात नाहीत. घरच्यांची इच्छा म्हणून नाव इथे लिहीत नाही. ट्रंकेतला फोटो त्यांनी दाखवला, त्यात फ्रेम तीच आहे, मोटारसायकलचं इंजिन मागे बसवलेलं आणि क्लचचा लिव्हर डाव्या हाताशी. तुम्ही ठशाचा मूळ कागद त्यांच्या मुलीच्या हातात दिलात आणि आमच्यासाठी दुसरा काढलात. मूळ कागद कोणाकडे राहायला हवा हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका, जगातली पहिली कार्ट १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी बनवली. ते रेसिंग गाड्या बांधणाऱ्या वर्कशॉपमधले कारागीर होते, आणि इंजिन घेतलं गवत कापायच्या यंत्राचं. ते इतिहासात आहेत. आपल्या टर्नरांनी तेच काम पाण्याच्या पाइपावर आणि व्हिटवर्थच्या टॅपवर केलं, आणि त्यांची फ्रेम इटलीच्या नावाने खपायच्या बेतात होती. तुमच्यासारखी माणसं गावोगावी आहेत, कोणी जिनमध्ये, कोणी एसटीच्या डेपोत, कोणी पंप दुरुस्तीच्या टपरीवर. माहीत नसेल तर नाही म्हणतात, माहीत करून घेतात, आणि सांगताना समोरच्याला लहान करत नाहीत. त्यांना कोणी विचारत नाही याचं फार वाईट वाटतं. आम्हीही तुम्हाला सगळ्यात शेवटी विचारलं. त्याबद्दल मनापासून माफी.

आता कामाचं. उजव्या मागच्या बेअरिंग हँगरच्या, म्हणजे अॅक्सलचं बेअरिंग धरणाऱ्या पट्टीच्या, मुळाशी तुम्ही तडा दाखवला होता, तो आम्ही तुमच्याच रीतीने पुन्हा तपासला. रॉकेल लावून पंधरा मिनिटं ठेवलं, कोरडं पुसलं, खडूची पूड लावून नळीवर हळू ठोकलं. रॉकेल तड्यातून वर आलं आणि पूड ओली झाली, साधारण १८ मिलिमीटरची रेघ. मागचा अॅक्सल एक इंची भरीव बारचा, मीटरला जवळपास ४ किलो, त्याचे सगळे हादरे त्या जोडावर जात असणार. जोड पितळी ब्रेझिंगचा, म्हणजे पितळ वितळवून सांधलेला, आहे. एकाने त्यावर आर्क वेल्डिंग करून देतो म्हटलं, आम्ही नाही म्हणालो. पितळ वितळून लोखंडाच्या कणांमध्ये शिरतं आणि शेजारीच नवा तडा जातो, हे तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे. जुनं पितळ काढून पुन्हा ब्रेझिंगच करायचं ठरवलंय. रॉड आणि बोरॅक्स आणून ठेवलंय. नंबराच्या नळीला ओला गोणपाट गुंडाळून ठेवू, म्हणजे आच तिथवर जाणार नाही.

पोळा झाल्यावर तुम्हाला सवड असेल त्या दिवशी या. येताना तुमचं व्हर्निअर तेवढं आणा, आमचं डिजिटल शून्यावर येत नाही. ग्राइंडर अजून फळीवरच आहे.

तुमचे,
गॅरेजमधली सगळी मुलं