बाबांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलेल्या प्लंबर दादांना

दादा, नमस्कार.

तुम्ही काम करून गेलात त्याला तीन आठवडे झाले. पैसे तुम्ही त्याच दिवशी घेतलेत, म्हणजे व्यवहार मिटला. माझ्या मनातून मात्र तो दिवस जात नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबा एसटीच्या डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर साताऱ्यातल्या आमच्या घराचं गॅरेज हाच त्यांचा डेपो झाला. गल्लीतल्या पोरांच्या सायकली, कुणाची जुनी लूना, कुणाचा मिक्सर, काही ना काही उघडून बसलेले असायचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात नीट चालत नाही, जीभ जड झालीय, एक वाक्य बोलायलाही वेळ लागतो. ग्रीसने माखलेले हात धुवायला दर वेळी पायऱ्या चढून घरात येणं त्यांना जमेना, म्हणून गॅरेजमध्येच एक सिंक बसवून घेतलं.

आठवड्याभरात त्या सिंकमधून वास यायला लागला. नासक्या अंड्यासारखा, शटर दिवसभर उघडं ठेवलं तरी न जाणारा. बाबांनी गॅरेजमध्ये जायचंच सोडलं. आजारपणानंतर कुठे जरा त्यांचं मन रमायला लागलं होतं, ती जागाही गेली.

तुमच्या आधी तिघे येऊन गेले. पहिल्याने अ‍ॅसिड ओतलं. दुसऱ्याने जिथे दिसेल तिथे सिलिकॉन भरलं आणि पैसे घेऊन गेला तो पुन्हा फोन उचलेना. तिसरा म्हणाला, फरशी फोडून सगळी लाइन नवीन टाकावी लागेल. बाबा प्रत्येकाला काहीतरी सांगू बघत होते. "म... मशीन..." एवढं तोंडातून येईपर्यंत समोरचा माणूस माझ्याकडे वळलेला असायचा. एक जण तर म्हणाला, "ताई, आजोबांना आत नेऊन बसवा, धूळ उडेल." आणि मी नेऊन बसवलं. हे लिहिताना मला लाज वाटतेय, दादा. मी त्यांची मुलगी, पुण्याहून सुट्टी काढून आलेली, आणि मीसुद्धा त्यांचं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

तुम्ही आलात तेव्हाही बाबांनी "म... मशीन..." सुरू केलं. तुम्ही खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीत, तिथल्या रंगाच्या डब्यावर त्यांच्यासमोर बसलात आणि थांबलात. मधे तुमचा फोन वाजला, तो तुम्ही न बघताच बंद केलात. मी नेहमीसारखी बाबांचं वाक्य पुरं करायला गेले, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत.

"वरचं मशीन... पाणी सोडतं. तेव्हा हे... पाणी ओढतं. हवा नाही. तेलाच्या डब्याला... एकच भोक."

तुम्ही म्हणालात, "काका, बरोबर बोलताय तुम्ही."

मग आईला वर वॉशिंग मशीनचं पाणी सोडायला सांगितलंत आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सिंक घटघट करत होतं. सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, उघडलात तर जिथे 2 इंच पाणी उभं असायला हवं तिथे तळाला चमचाभर उरलेलं. बाबा म्हणत होते तेच. मशीनचं आणि सिंकचं पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं, आणि घर बांधणाऱ्याने त्या पाइपाचं वरचं तोंड झाकण घालून बंद केलेलं. 15 किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडखळत पडतं, दुसरं पाडलं की धार लागते. आमच्या पाइपाला दुसरं भोकच नव्हतं. वरून पाणी धाडकन खाली येताना हवा ओढायचं ती आमच्या सिंकमधून, आणि तिच्याबरोबर ट्रॅपमधलं पाणीही निघून जायचं. अडवायला पाणीच नाही म्हटल्यावर चेंबरमधला वास सरळ बाबांच्या नाकाशी.

पुढचं काम तुमचं, त्यात मी काय सांगणार. उभ्या पाइपाचं झाकण काढून तो गच्चीवर डोक्याच्या वर नेलात, कारण आई तिथे पापड वाळत घालते हे तुम्ही विचारून घेतलं होतंत. सिंकच्या ट्रॅपमागून हवेसाठी वेगळा पाइप काढून वर जोडलात. अर्ध्या दिवसाचं काम. फरशीला हातही लावला नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या पेन्सिलीबद्दल. हवेचा पाइप भिंतीतून बाहेर काढायचा होता. ड्रिल हातात असताना तुम्ही कानामागची पेन्सिल काढून बाबांपुढे धरलीत. "काका, भोक कुठे पाडू? तुम्हीच खूण करा." बाबा उठले. डाव्या हाताने भिंत चाचपली, आत वायर नाही ना म्हणून बोर्डाकडे बघून घेतलं आणि एक वाकडी फुली मारली. तुम्ही ड्रिलचं टोक बरोबर त्या फुलीवर टेकवलंत. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. बाबा भिंतीला हात लावून उभे होते, डेपोत इंजिनाला हात लावून उभे राहायचे तसे. वर्षभरात त्यांना असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे डॉक्टर येऊन गेले, नातेवाईक येऊन गेले, सगळे चांगलेच वागले. बहुतेकांनी बाबांची विचारपूस केली ती मात्र आईकडे किंवा माझ्याकडे बघून. माणसाला त्याच्या कामातलं काही विचारावं हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. तुम्हाला ते कुणी शिकवलं माहीत नाही, पण तुमच्या घरी ज्यांनी कुणी शिकवलं असेल त्यांना माझा नमस्कार सांगा.

वास गेला आहे. परवा बाबांनी एका मुलाच्या सायकलचं पंक्चर डाव्या हाताने काढलं, पाऊण तास लागला, पोरगं शेजारी बसून होतं. तुमची पेन्सिल इथेच राहिलीय. बाबांनी ती पान्यांच्या पेटीत ठेवलीय आणि रोज मला फोनवर विचारतात, प्लंबर परत कधी येणार. पेन्सिल न्यायला तरी या.

तुमची,
साताऱ्याची ताई