कावळे छापले, मुस्काटात मारलेली मात्र गाळली

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकी लेखक मार्क ट्वेन यांच्यासाठी अर्धे पान दिल्याबद्दल आपले आभार मानायला हवेत, कारण एरवी त्या जागी पनीरच्या पाककृती असतात. मात्र लेखकमहाशयांनी रंगवलेले ट्वेन म्हणजे जगप्रवासाची हौस असलेले, येता-जाता विनोद करणारे एक मिशाळ आजोबा, यापलीकडे काही नाही. हौस कसली? अक्षरजुळणीच्या यंत्रात पैसा बुडाला, 1894 मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था दिवाळखोरीत निघाली आणि साठीच्या उंबरठ्यावर, प्रकृती बरी नसताना, देणेकऱ्यांची पै न् पै फेडायची म्हणून हा माणूस गावोगावी व्याख्याने देत निघाला. 1898 पर्यंत त्याने कर्ज फेडलेही. लेखात याचा उल्लेखही नाही.

पण माझी खरी तक्रार मुंबईवरच्या परिच्छेदाबद्दल आहे. जानेवारी 1896 मध्ये ट्वेन मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरले, तिथल्या कावळ्यांनी त्यांची कशी करमणूक केली आणि पूर्वजन्मी हा पक्षी जुगारी, चोर, हेर आणि धंदेवाईक राजकारणीही असावा असे त्यांनी कसे लिहिले, हे सारे आपण चवीने छापलेत. हे कावळे ज्यातले, त्याच त्यांच्या 1897 च्या प्रवासवर्णनात, कावळ्यांपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, हॉटेलातल्याच खोलीतला एक प्रसंग आहे. सज्जात उघडणाऱ्या काचेच्या दाराचे काही काम करण्यासाठी एक देशी नोकर गुडघे टेकून बसला होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसाला ते काम पसंत पडले नाही; त्याने काय चुकले ते न सांगता आधी नोकराच्या मुस्काटात भडकावली आणि मग चूक दाखवली. नोकराने ती निमूटपणे सोसली. ते पाहून ट्वेन यांना पन्नास वर्षांपूर्वीचे, गुलामगिरीच्या काळातले अमेरिकेतले मिसूरी आठवले. आपले वडील सरळमार्गी आणि न्यायी असूनही घरच्या गुलाम मुलाला क्षुल्लक चुकांसाठी मारत, हे त्यांनी तिथे लिहून टाकले. दहा वर्षांचे असताना पाहिलेला, केवळ कामात धांदरटपणा झाला म्हणून मालकाने लोहखनिजाचे ढेकूळ डोक्यात घालून तासाभरात संपवलेला गुलामही त्यांनी लपवला नाही. जन्मदात्याबद्दल असे छापायला जे धैर्य लागते, ते पाहता कावळ्यांचा विनोद म्हणजे तोंडी लावणे होय.

हे गाळण्यात आपण एकटे नाही, एवढाच काय तो दिलासा. मागे काळा घोडा परिसरात एका वारसा फेरीत मी पैसे भरून सामील झालो होतो. वॉटसन हॉटेलच्या त्या इमारतीसमोर, जिला आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात, मार्गदर्शकाने ट्वेन यांचे नाव घेतले, कावळे सांगितले, लोक हसले. मी त्या नोकराबद्दल विचारले, तर तो तरुण अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, लोक सुट्टीच्या दिवशी फिरायला आलेत, त्यांना कशाला त्रास द्यायचा?" आणि फेरी पुढच्या कमानीकडे वळली. आपल्या पुरवणीचे धोरणही बहुधा त्यानेच आखले असावे.

फिलिपिन्सवरच्या अमेरिकी सत्तेला उघड विरोध करणाऱ्या साम्राज्यविरोधी संघाचे ट्वेन 1901 पासून 1910 मध्ये मृत्यू होईपर्यंत उपाध्यक्ष होते, हे सांगायला एक ओळ पुरली असती. त्या ओळीची जागा लेखाशेजारच्या रंगीत चौकटीने खाल्ली. तिच्यात छापलेले "वीस वर्षांनी केलेल्या गोष्टींपेक्षा न केलेल्या गोष्टींची खंत अधिक वाटेल" हे वचन ट्वेन यांचे नाही. ते 1990 च्या एका अमेरिकी पुस्तकात आले असून त्या लेखकाने ते आपल्या आईच्या नावावर दिले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारे सुविचार फुकट मिळतात. आपल्या अंकाचे मात्र मी महिन्याचे बिल भरतो. दुरुस्ती छापणार असाल तर ती चौकटीच्याच आकारात छापावी, सातव्या पानाच्या तळाशी, निविदांच्या जाहिरातींखाली नव्हे.

कळावे,
एक जुना वर्गणीदार, ठाणे