मॅडम, त्या बादलीभर पाण्याबद्दल

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात देवगडहून आणलेली हापूसची पेटी तुम्ही, माझ्या लेकीच्या थेरपिस्ट, हात जोडून परत केलीत, म्हणून आभाराचं हे पत्र. उघड लिहिते, कारण माझ्यासारख्या आया इथे वाडीवाडीत आहेत.

माझ्या लेकीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना पटकन उसळून अनावर होणारा मनाचा आजार. हे नाव कळेपर्यंत सहा वर्षं गेली. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. एका डॉक्टरांनी तर "स्वभावच असा" म्हणून वाटेला लावलं. या आजारावर खास अशी गोळी नाही, मुख्य उपचार थेरपीचाच, हे तुम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलंत. आणि डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही तिच्यावर चाललेली थेरपी उभी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी 2011 मध्ये स्वतःचाच तरुणपणातला असा त्रास जाहीर केला, हेही. ते ऐकून लेकीने त्या दिवशी प्रथम मान वर केली.

आषाढातली ती रात्र आठवते? लाईट गेलेली, रेंजसाठी मी पडवीच्या टोकाला, आत तिचा आकांत. तुम्ही तिला फोनवर म्हणालात, "विहिरीचं गार पाणी बादलीत घे, श्वास रोखून तोंड बुडव, मग बोलू." गार पाण्याने हृदयाचे ठोके मंदावतात, उधाण ओसरायला तेवढा वेळ पुरतो, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. (हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, असंही बजावलंत.) त्या रात्री तिने हाताला इजा केली नाही.

पण खरे आभार माझ्यासाठी आहेत. मैत्रिणीने फोन उचलला नाही की ती कोसळायची आणि मी म्हणायचे, "एवढ्याशावरून काय?" तुम्ही म्हणालात, "तिला टाकून दिल्यासारखं वाटतंय, ते वाटणं खरं आहे. आधी तेवढं माना. मानणं म्हणजे तिचं वागणं बरोबर ठरवणं नव्हे." स्वीकार आणि बदल दोन्ही एकाच वेळी, हाच म्हणे डीबीटीचा गाभा. मला ते जमायला वर्ष लागलं. अजूनही कधी चुकतं.

तिचं रोजचं डायरी कार्ड, म्हणजे थेरपीतली भावनांची नोंद, आता आंब्याच्या हिशेबाच्या वहीत असतं. कुठला दिवस कोरा, कुठला गच्च भरलेला. मी वाचत नाही, तुम्ही सांगितलंय.

परवा कलमांच्या मजुरीवरून मी तिच्या बाबांवर भडकले. ती जवळ येऊन म्हणाली, "आई, तुला राग येणं साहजिक आहे," आणि कळशी घेऊन विहिरीकडे गेली.

तुमची,
तिची आई