धक्के देणारी पोरं आता बलाढ्य संघांतच आहेत

महोदय,

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची २०२५ ची ‘एनसीएए’ स्पर्धा संपली. आपल्याकडे मंगळवारी सकाळ उजाडली, तेव्हा फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून विजेतेपद घेतले होते. त्यावर आपल्या क्रीडा पानावर आलेल्या मजकुराचा सूर ‘यंदा धक्कादायक निकाल नाहीत, म्हणून स्पर्धा फिकी’ असा होता. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. शिवाय पुढच्या मार्चमध्ये ब्रॅकेट, म्हणजे सगळ्या सामन्यांचे निकाल आधीच ओळखण्याचा तक्ता, भरणाऱ्या मराठी मंडळींची (न्यू जर्सीतल्या नातेवाइकांपासून पुण्यातल्या आयटी कार्यालयांपर्यंत ती बरीच आहेत) त्यामुळे दिशाभूल होईल, म्हणून हे पत्र.

यंदा उपांत्य फेरीत फ्लोरिडा, ह्यूस्टन, ड्यूक आणि ऑबर्न असे चारही विभागांतील अव्वल मानांकित संघ पोहोचले (प्रत्येक विभागात संघांना ताकदीनुसार १ ते १६ मानांकने मिळतात). याआधी असे फक्त एकदा, २००८ मध्ये घडले होते. शेवटच्या १६ संघांत सात एकट्या एसईसी या कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे महाविद्यालयांची साखळी) होते. बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हचे प्रत्येकी चार आणि एसीसीचा एक, तो म्हणजे ड्यूक. बाकी सगळ्या कॉन्फरन्सेस मिळून शून्य. १९८५ मध्ये ६४ संघांची स्पर्धा सुरू झाल्यापासून सोळा संघ इतक्या कमी कॉन्फरन्सेसमधून कधीच आले नव्हते.

कारण शोधायला लांब जायला नको, विजेत्या संघाचीच यादी उघडावी. अंतिम सामन्यात फ्लोरिडा दुसऱ्या सत्रात १२ गुणांनी मागे होता. त्याला सावरून धरणारा विल रिचर्ड मूळचा बेलमाँटचा. ४६ सेकंद उरले असताना दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके) घालून आघाडी मिळवून देणारा अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. २०२३ मध्ये नवव्या मानांकनावरून उपांत्य फेरी गाठून सगळ्यांना तोंडात बोटे घालायला लावणाऱ्या त्याच संघातला. आणि ह्यूस्टनचा शेवटचा ताबा, म्हणजे चेंडू हाती असतानाची शेवटची चाल, रोखणारा वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला. तीनही छोटी महाविद्यालये. पूर्वी महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूला साधारण एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ पासून पहिल्या बदलाला ती अट राहिली नाही आणि २०२४ पासून कितीही वेळा बदलले तरी लगेच खेळता येते. त्याच २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर छोट्या संघात चमकलेला गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) तिथे चौथ्या वर्षापर्यंत थांबेल कशाला? महाविद्यालयांना खेळाडूंना थेट मानधन देता यावे, अशी तडजोडही न्यायालयाने जून २०२५ मध्ये मंजूर केली. त्यामुळे श्रीमंत महाविद्यालयांचे पारडे आणखी जड होणार.

प्रशिक्षकांचेही तेच. यंदा बाराव्या मानांकित मॅकनीजने क्लेमसनला ६९-६७ असे आणि अकराव्या मानांकित ड्रेकने मिझुरीला ६७-५७ असे हरवले. मॅकनीजचे विल वेड लगेच नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडे गेले, तर ड्रेकचे बेन मॅकॉलम आयोवाकडे. बदलीची खिडकी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, तर स्पर्धा ऐन रंगात असताना २४ मार्चलाच उघडली. शेजारचे लग्न अजून लागायचे असताना आपल्या मुलीसाठी त्याच मांडवात स्थळ पाहावे, तसा हा प्रकार. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

पण म्हणून स्पर्धा फिकी? कोलोरॅडो स्टेट–मेरिलँड सामन्याचे शेवटचे चार सेकंद पुन्हा पाहावेत. बारावा मानांकित कोलोरॅडो स्टेट ७१-७० असा पुढे होता. मेरिलँडच्या डेरिक क्वीनने डावीकडे मुसंडी मारली, तोल जात असताना चेंडू फळीवर टेकवला आणि भोंग्याबरोबर तो रिंगमध्ये पडला. ७२-७१. पावले जास्त पडली की नाही, यावर अजून वाद चालू आहे. उपांत्य सामन्यात ड्यूककडे १४ गुणांची आघाडी होती, ३५ सेकंद उरले असतानाही सहा गुणांची होती; तरी ह्यूस्टनने ७०-६७ असा सामना काढला. अंतिम सामन्यात ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प बरोबरीसाठी नव्हे, थेट विजयासाठी तीन गुणांचा फटका मारायला उडाला. क्लेटन अंगावर झेपावलेला पाहून त्याने हवेतच चेंडू सोडून दिला. तो जमिनीवर टप्पे खात होता आणि शार्पला त्याला हात लावता येत नव्हता, कारण लावला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे पावलांच्या नियमाचा भंग. फ्लोरिडाच्या खेळाडूने अंग टाकून तो पकडेपर्यंत वेळ संपली. याला फिके म्हणायचे तर मग चुरस कशाला म्हणायचे?

आता ब्रॅकेटकडे. स्पर्धेत ६८ संघ असतात. ओहायोतल्या डेटनमधले प्राथमिक फेरीचे चार सामने बहुतेक ठिकाणी धरले जात नाहीत, त्यामुळे ६३ निकाल भाकीत करायचे असतात. डोळे मिटून भरल्यास सगळे बरोबर येण्याची शक्यता ९२ वर १७ शून्ये एवढ्यात एक. जाणकाराची थोडी बरी, पण २०१९ मध्ये एका अमेरिकन प्रेक्षकाचे पहिले ४९ अंदाज ओळीने बरोबर आले, ती आजवरची ज्ञात मजल. त्यामुळे निर्दोष ब्रॅकेटचा नाद सोडून गुण कसे मिळतात ते पाहावे.

रूढ पद्धतीत पहिल्या फेरीच्या प्रत्येक अचूक निकालाला १ गुण, मग २, ४, ८, १६ आणि विजेत्याला ३२. म्हणजे प्रत्येक फेरीचे एकूण गुण ३२च, सगळे मिळून १९२. तुम्ही निवडलेला विजेता खरोखर जिंकला, तर त्या एका संघाच्या वाटेवरचे १+२+४+८+१६+३२ असे ६३ गुण मिळतात, जवळजवळ एक तृतीयांश. उलट बाराव्या मानांकित संघाने पाचव्याला हरवल्याचा अंदाज खरा ठरला, तर पदरात पडतो एक गुण. बहुतेकांची रात्र मात्र याच एका गुणावर जाते आणि विजेता शेवटी अंदाजपंचे दाहोदरसे ठरतो.

म्हणून ब्रॅकेट उलट्या बाजूने भरावे: आधी विजेता, मग उपांत्य फेरीचे चार, पहिली फेरी सगळ्यात शेवटी. विजेता निवडताना हार-जीत पाहू नये, दर १०० ताब्यांमागे संघ किती गुण करतो आणि किती देतो ते पाहावे. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक केन पॉमरॉय यांच्या क्रमवारीत हे आकडे प्रतिस्पर्ध्याची ताकद धरून मिळतात. आक्रमण आणि बचाव दोन्ही पहिल्या विसाच्या आसपास असलेल्या संघांतूनच बहुतेक विजेते येतात. आपल्याबरोबर ब्रॅकेट भरणारे दहाच जण असतील तर सर्वांत बलवान वाटणारा संघ घ्यावा. दोनशे जण असतील तर तोच संघ साठ-सत्तर जणांनी घेतलेला असतो आणि तो जिंकूनही तुम्ही पुढे जात नाही. तिथे तोडीस तोड पण कमी लोकांनी निवडलेला संघ हवा. यंदा ड्यूकवर उड्या पडल्या होत्या, फ्लोरिडा तसा शांतपणे उपलब्ध होता.

चारही अव्वल मानांकित संघ उपांत्य फेरीत टाकण्याचा मोह पुढच्या वर्षी अनेकांना होईल. टाळावा. सरासरीने असे दोनपेक्षा किंचित कमीच संघ तिथे पोहोचतात आणि २०२३ मध्ये तर पहिल्या तीन मानांकनांतला एकही नव्हता.

पहिल्या फेरीत धक्का कुठे लावायचा, यालाही गणित आहे. १९८५ ते २०२५ या काळात सोळाव्या मानांकित संघाने अव्वल संघाला १६० पैकी दोनदाच हरवले: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला (७४-५४) आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला (६३-५८). पंधराव्या मानांकितांनी दुसऱ्या मानांकितांना हरवल्याची उदाहरणे अकरा. या दोन्ही जागा सोडून द्याव्यात. बारावा विरुद्ध पाचवा इथे प्रमाण साधारण ३५ टक्के आहे, तेव्हा चारपैकी एखादा लावावा. आठवा विरुद्ध नववा म्हणजे छापा-काटाच.

एखादा बारावा संघ निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: खेळ संथ आहे का, चेंडू गमावण्याचे प्रमाण कमी आहे का आणि पाचव्या मानांकित संघाचे फ्री थ्रो कच्चे आहेत का. संथ खेळाचे महत्त्व लोक विसरतात. महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा, शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारायची मुदत, ३० सेकंदांची. प्रत्येक संघाला साधारण ६५ ते ७० ताबे मिळतात. ते ६० वर आणले की बलवान संघाला आपला वरचष्मा सिद्ध करायला संधीच कमी उरतात. ड्रेकने मिझुरीवर नेमका हाच डाव टाकला.

दुखापतींच्या बातम्या मात्र ब्रॅकेट बंद होईपर्यंत वाचाव्यात. ड्यूकच्या कूपर फ्लॅगचा घोटा एसीसी स्पर्धेत मुरगळला, तेव्हा घाबरून ड्यूकला लवकर बाद करणारे फसले, कारण तो पहिल्या सामन्यापासून मैदानात होता.

महिलांच्या स्पर्धेला हे सगळे जसेच्या तसे लावू नये. तिथे पहिल्या १६ संघांना पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतात, त्यामुळे धक्के मुळातच कमी. यंदा पेज बेकर्सच्या युकॉनने (कनेटिकट विद्यापीठाने) अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे धुतले. त्याची आपल्या पानावर एक ओळही नव्हती, हे खटकले.

पुढच्या वर्षीचा माझा अंदाज असा: बाराव्या मानांकित संघांपैकी किमान एक पहिली फेरी जिंकेल, पण शेवटच्या १६ मध्ये छोट्या कॉन्फरन्सेसचे फार तर दोन संघ दिसतील. उपांत्य फेरीत अव्वल मानांकित दोन असतील आणि विजेता पहिल्या तीन मानांकनांतलाच. अंतिम टप्पा ४ आणि ६ एप्रिल २०२६ रोजी इंडियानापोलिसला आहे. त्याआधी मार्चमध्ये आपण संपूर्ण ब्रॅकेट भारतीय वेळेसह छापावे, ही विनंती. पहिल्या फेरीचे सामने आपल्याकडे रात्री पावणेदहाच्या सुमारास सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहापर्यंत चालतात, आणि अंतिम सामना सकाळी सव्वासहाच्या पुढे.

– एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, पुणे